काबूलमधली माघार, संरक्षणमंत्री आणि महाभियोग : आरोपपत्र टिकेल असं कसं लिहायचं?

मृण्मयी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

पुण्यात पुढच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन अभिरूप महाभियोगाची स्पर्धा आहे. विषय असा: ऑगस्ट २०२१ मधल्या अफगाणिस्तानातल्या माघारीच्या गलथान कारभाराबद्दल तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर महाभियोग चालवावा. चिठ्ठीत आमच्या वाट्याला आरोप करणारी बाजू आली आहे. परीक्षक दोन, एक वकील आणि एक निवृत्त कर्नल. म्हणजे कायदा आणि रणभूमी, दोन्हीकडून उलटतपासणी होणार.

कच्च्या मसुद्यात चार आरोप आहेत. पहिला, जुलैच्या सुरुवातीलाच बग्रामचा हवाई तळ सोडला. दुसरा, नागरिकांना बाहेर काढण्याची मोहीम उशिरा सुरू केली. तिसरा, सात अब्ज डॉलरची शस्त्रं तालिबानच्या हाती लागू दिली. चौथा, २९ ऑगस्टचा ड्रोन हल्ला, ज्यात दहा नागरिक मारले गेले आणि त्यातली सात लहान मुलं होती.

विचारायचं आहे ते असं. यातले कोणते आरोप ठेवावेत? तेव्हाचे संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनाही याच ठरावात घेता येईल का? ऑस्टिन आता पदावर नाहीत, तर हे सगळं मुळात बसतं का? आणि ठराव दाखल झाल्यापासून निकालापर्यंत नेमकं काय काय होतं, कारण स्पर्धेत कामकाजाच्या पद्धतीला वेगळे गुण आहेत.

घटनेचा_विद्यार्थी

चारही आरोप आज जसे लिहिले आहेत तसे वकील परीक्षकासमोर पाच मिनिटं टिकणार नाहीत. विषय कच्चा नाही, मांडणी कच्ची आहे. 'काय बिघडलं' ते तुम्ही लिहिलंय. महाभियोगात लिहायचं असतं ते 'या माणसाने स्वतः काय केलं'.

अमेरिकी घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचं चौथं कलम समोर ठेवा. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि 'सर्व नागरी अधिकारी' यांना देशद्रोह, लाचखोरी किंवा 'इतर मोठे गुन्हे आणि दुर्वर्तन' यांसाठी महाभियोगाने दूर करता येतं. आता ही घटना लिहिताना फिलाडेल्फियात ८ सप्टेंबर १७८७ ला झालेला वाद वाचा. जॉर्ज मेसन यांचं म्हणणं होतं की देशद्रोह आणि लाच एवढ्यावर भागणार नाही, 'गैरकारभार' हाही शब्द घाला. दाखला त्यांनी भारतातल्या कंपनी सरकारचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने हेस्टिंग्जवर महाभियोग आणला होता. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली की इतका मोघम शब्द ठेवला तर अधिकारी सिनेटच्या मर्जीवर नोकरी करतील. मेसन यांनी 'गैरकारभार' मागे घेतला आणि त्या जागी 'इतर मोठे गुन्हे आणि दुर्वर्तन' आलं.

म्हणजे नुसता गलथानपणा घटनेत घालायचा प्रयत्न झाला होता आणि तो विचारपूर्वक नाकारला गेला. बचाव पक्ष पहिल्या दोन मिनिटांत हेच काढणार. तेव्हा विषयात 'गलथान कारभार' असलं तरी तुमच्या आरोपपत्रात तो शब्द एकदाही येऊ देऊ नका.

प्रत्येक आरोपात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. त्या अधिकाऱ्यावर कायद्याने किंवा आदेशाने कोणतं कर्तव्य होतं. त्याने स्वतः कोणती कृती केली किंवा टाळली. आणि त्या वेळी त्याला काय माहीत होतं, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असूनही 'निर्णय चुकला' एवढंच उरतं.

जनरल मिलींचा प्रश्न सोपा आहे. त्यांचं नाव काढून टाका. घटनेतला शब्द 'नागरी अधिकारी' आहे. गणवेशातले अधिकारी महाभियोगात येत नाहीत असाच अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो, त्यांच्यासाठी लष्करी न्यायसंहिता आणि कोर्ट मार्शल आहे. शिवाय १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यानुसार संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष हा सल्लागार असतो, आदेशाच्या साखळीत नसतो. आदेश राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून थेट सेंट्रल कमांडकडे, म्हणजे अफगाणिस्तान ज्यांच्या अखत्यारीत होतं त्या लष्करी मुख्यालयाकडे, जातो. संरक्षणमंत्री मात्र नागरी अधिकारी आहेत, त्यामुळे ऑस्टिन यांच्याबद्दल अधिकारक्षेत्राचा हा मुद्दा उभाच राहत नाही.

आता पदावर नसण्याबद्दल. यावर तुमचा सगळ्यात भक्कम दाखला १८७६ चा आहे, आणि योगायोगाने तोही युद्धमंत्र्याचाच. विल्यम बेल्कनॅप यांच्यावर फोर्ट सिल इथल्या व्यापारी ठेक्याच्या बदल्यात पैसे घेतल्याचा आरोप होता. प्रतिनिधिगृहात मतदान होण्याच्या थोडा वेळ आधी त्यांनी राजीनामा दिला. तरी गृहाने एकमताने महाभियोग मंजूर केला. सिनेटने आधी ३७ विरुद्ध २९ मतांनी ठरवलं की राजीनामा दिला तरी आमचा अधिकार संपत नाही. मग खटला चालला. १ ऑगस्ट १८७६ ला मतदान झालं, त्यात एका कलमावर जास्तीत जास्त ३७ विरुद्ध २५ मतं पडली. दोन तृतीयांश झाली नाहीत, बेल्कनॅप सुटले. विरोधात मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कारण दिलं होतं की माजी मंत्र्यावर आपला अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, पद सोडून गेलेल्या ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्यातही सिनेटने ५६ विरुद्ध ४४ ने अधिकार मान्य केला, आणि दोषी ठरवायला ५७ मतं पडली, हवी होती ६७.

तुम्ही एवढं मांडा की माजी अधिकाऱ्यालाही भविष्यात पद धारण करायला अपात्र ठरवता येतं, म्हणून खटला निरर्थक नाही. पण बेल्कनॅप 'शिक्षेचा' दाखला म्हणून वापरू नका. तो फक्त अधिकारक्षेत्राचा दाखला आहे.

पिछाडी

वरचं कायद्याच्या बाजूने झालं. कर्नलसाहेब कुठे पकडतील ते मी सांगतो.

माघारीचा क्रम सगळ्या सैन्यांत सारखाच शिकवतात. आधी बिगरलढाऊ माणसं, मग जड सामान, मग लढाऊ तुकड्या, आणि शेवटी पिछाडी सांभाळणारे. काबूलमध्ये तो क्रम उलटा झाला. अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराने १ मे २०२१ ही तारीख ठरलेली होती. बायडन यांनी १४ एप्रिलला ११ सप्टेंबर ही मुदत जाहीर केली, ती पुढे ३१ ऑगस्टवर आली. अडीच हजार सैनिक आणि जड सामान जुलैच्या सुरुवातीपर्यंत बहुतांश बाहेर पडलं. नागरिक, दूतावास आणि वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम केलेले अफगाण लोक मागे राहिले. १५ ऑगस्टला काबूल पडलं आणि मग जवळजवळ सहा हजार सैनिक विमानतळ राखायला परत आणावे लागले. हे वाक्य तुमच्या भाषणाच्या सुरुवातीला ठेवा, कुठलाही सैनिक परीक्षक त्यावर मान डोलावेल.

पण तो पुढचा प्रश्न विचारेल: क्रम उलटा कोणी केला? तिथे तुमचा पहिला आरोप कोसळतो. बग्रामला दोन धावपट्ट्या होत्या, शहरापासून दूर, भक्कम कुंपण. काबूलच्या विमानतळाला एकच धावपट्टी आणि चारही बाजूंनी वस्ती. १६ ऑगस्टला गर्दी धावपट्टीवर आली तेव्हा काही तास उड्डाणं थांबली, कारण दुसरी पट्टीच नव्हती. तरीही २८ सप्टेंबर २०२१ च्या सिनेट सुनावणीत ऑस्टिन यांनी सांगितलं की बग्राम राखायला पाच हजारांपर्यंत सैनिक धोक्यात घालावे लागले असते आणि दूतावासाच्या रक्षणात त्याचा फारसा उपयोग नव्हता. दूतावास शहरात, बग्राम उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटर लांब. सैन्यसंख्येची मर्यादा वरून ठरली की दोन्ही ठिकाणं राखता येत नाहीत, एक सोडावंच लागतं. ती मर्यादा राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयातून आली. मिली आणि सेंट्रल कमांडचे जनरल मॅकेन्झी यांनी त्याच सुनावणीत सांगितलं की अडीच हजार सैनिक ठेवावेत असं त्यांचं मत होतं. म्हणजे सल्ला वेगळा होता आणि निर्णय वेगळा झाला. वरिष्ठांचा कायदेशीर निर्णय राबवणं हा दुर्वर्तनाचा गुन्हा होत नाही.

दुसऱ्या आरोपात तर प्रतिवादीच चुकलाय. परदेशातून नागरिक बाहेर काढायची मोहीम सुरू करायची की नाही हे परराष्ट्र खातं आणि राजदूत ठरवतात. १९८८ चा कार्यकारी आदेश १२६५६ तसं सांगतो. संरक्षण खातं आधार देतं, विमानं आणि माणसं पुरवतं. १९ मार्च २०२४ ला प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर मिली आणि मॅकेन्झी दोघांनी हेच सांगितलं की हा निर्णय परराष्ट्र खात्याकडून फार उशिरा आला. तुम्ही हा आरोप ठेवलात तर बचाव पक्ष हीच साक्ष तुमच्यासमोर ठेवेल.

शस्त्रांचा आरोप सगळ्यात जास्त टाळ्या घेतो आणि सगळ्यात लवकर पडतो. सात अब्ज डॉलरचा आकडा, नेमका ७.१२, संरक्षण खात्याने स्वतः काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिलेल्या अहवालातला आहे. पण ते सामान अमेरिकी सैन्याचं नव्हतं. ते २००५ पासून अफगाण सैन्याला दिलेल्या १८.६ अब्जांच्या सामानापैकी शिल्लक होतं, मालकी अफगाण सरकारची. सरकारच पडल्यावर ते तालिबानकडे गेलं. काबूलच्या विमानतळावर जे उरलं, म्हणजे ७३ विमानं-हेलिकॉप्टरं, सुमारे ७० सुरुंगरोधक चिलखती गाड्या आणि २७ हमव्ही (लष्करी जीपसारख्या गाड्या), ते निघण्यापूर्वी निकामी केल्याचं मॅकेन्झी यांनी ३० ऑगस्टलाच सांगितलं होतं. 'आमची शस्त्रं टाकून पळाले' हे वाक्य बोललात की सैनिक परीक्षकाकडून गुण गेलेच म्हणून समजा.

अॅबी गेटचा, म्हणजे काबूल विमानतळाच्या एका दारावरचा, स्फोट तुमच्या मसुद्यात नाही याचं मला नवल वाटलं. २६ ऑगस्टला १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसं तिथे गेली. त्या दाराबाहेर सांडपाण्याचा कालवा होता. लोक त्या घाणीत उभे राहून कागद डोक्याच्या वर धरून सैनिकांना हाका मारत होते, आणि सैनिक कठड्यावर वाकून एकेकाचा कागद तपासून एकेकाला वर ओढत होते. आत्मघातकी हल्लेखोर त्या दाटीत शिरला. एका माणसाने एवढी माणसं का मारली याचं उत्तर त्या जागेच्या रचनेत आहे: अरुंद, दोन्हीकडून भिंती, पांगायला वाट नाही. दार उघडं का होतं? चौकशीत आलेलं एक कारण असं की ब्रिटिशांचं काम शेजारच्या बॅरन हॉटेलमधून चालू होतं, त्यांची माणसं आत येईपर्यंत ते बंद करता येत नव्हतं. हा निर्णय जागेवरच्या कमांडरचा, मित्रदेशासाठी घेतलेला. मन हेलावतं, पण मंत्र्यावरचा आरोप म्हणून तो उभा राहत नाही. भाषणात सांगा, आरोपात घालू नका.

सिंहगड_रोड

मला हे पटत नाही. तुम्ही दोघांनी मिळून असं दाखवलंत की निर्णय राष्ट्राध्यक्षांचा, उशीर परराष्ट्र खात्याचा, शस्त्रं अफगाणांची आणि दार जागेवरच्या कमांडरचं. मग संरक्षणमंत्री कशासाठी असतो? तेरा सैनिक जातात, एका घरातली सात मुलं ड्रोनने मारली जातात आणि उत्तर द्यायला कोणी नाही, हे लोकशाहीत चालतं? कर्तव्यात कसूर हाही अपराधच. साध्या शिपायाला त्यासाठी कोर्ट मार्शल होतं. वरच्याला सूट का?

घटनेचा_विद्यार्थी

@सिंहगड_रोड, तुमचा राग रास्त आहे आणि तो उत्तराविना सोडू नये. उत्तरदायित्व आहेच, पण अमेरिकी पद्धतीत ते महाभियोगाच्या आधीच्या पायऱ्यांवर आहे. राष्ट्राध्यक्ष मंत्र्याला एका ओळीच्या पत्राने काढू शकतात. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याआधी तिथल्या कमांडरने रणगाडे आणि चिलखती गाड्या मागितल्या होत्या आणि संरक्षणमंत्री लेस अॅस्पिन यांनी ती मागणी मान्य केली नव्हती. डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. तिथे कमांडरने लेखी मागितलं होतं, मंत्र्याने नाकारलं, आणि ज्या गोष्टीसाठी मागितलं होतं तेच घडलं. तरीही महाभियोग झाला नाही, गेलं ते पद.

महाभियोग हे शिक्षेचं सर्वांत जड हत्यार आहे आणि ते नुसत्या परिणामावर चालत नाही. २०२४ चं उदाहरण घ्या. गृहसुरक्षामंत्री अलेहांद्रो मायोर्कास यांच्यावर ६ फेब्रुवारीला ठराव २१४ विरुद्ध २१६ ने पडला. १३ फेब्रुवारीला पुन्हा आणला, २१४ विरुद्ध २१३ ने, म्हणजे एका मताने, मंजूर झाला. बेल्कनॅपनंतर महाभियोगाला सामोरे गेलेले ते दुसरे मंत्री. सिनेटने १७ एप्रिलला साक्षीपुरावा न ऐकताच दोन्ही कलमं घटनेत बसत नाहीत असं ठरवून काढून टाकली, पहिलं ५१-४८ ने, दुसरं ५१-४९ ने. पहिलं कलम 'कायदा जाणूनबुजून पाळला नाही' असं होतं, दुसऱ्यात काँग्रेसपुढे खोटी विधानं केल्याचा आरोप होता. विरोधकांचं म्हणणं होतं की हा धोरणाबद्दलचा मतभेद आहे. तुमच्या खटल्याला लागणारा धडा हाच आहे.

ऑस्टिन यांच्याविरुद्ध २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहात अफगाणिस्तानच्या मुद्द्यावर ठराव दाखल झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये रुग्णालयात दाखल असल्याचं वेळेत न कळवल्याबद्दल दुसरा आला. दोन्ही कधीच मतदानापर्यंत पोचले नाहीत.

मृण्मयी_कर्वेनगर

मग ड्रोन हल्ल्याचं काय? तिथे तरी थेट संरक्षण खातंच आहे ना? आणि कामकाजाची पद्धत अजून राहिली.

पिछाडी

ड्रोनचा आरोप हाच मला तुमचा खरा गाभा वाटतो, पण तो हल्ल्याबद्दल लिहू नका. लक्ष्य ठरवण्यात पाठलाग करणाऱ्या तुकडीने पांढऱ्या टोयोटाला काही तास हेरून चुकीचा अर्थ लावला. त्यावर मंत्र्याची सही नव्हती. नंतर काय झालं ते बघा. २९ ऑगस्टला हल्ला. १ सप्टेंबरला मिलींनी तो योग्य हल्ला होता असं पत्रकारांना सांगितलं. १७ सप्टेंबरला मॅकेन्झी यांनी चूक होती हे मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी कायद्याचा भंग झाला नाही असा निष्कर्ष काढला. आणि डिसेंबरमध्ये कोणावरही शिस्तभंगाची कारवाई करायची नाही हा निर्णय ऑस्टिन यांनी स्वतः मान्य केला. अखेरचं पाऊल त्यांचं स्वतःचं आहे, कागदावर आहे, तारीख आहे. तुमच्या मसुद्यातल्या बाकी तीन आरोपांत असं एकही वाक्य नाही.

तरी एक सांगतो. शिक्षा न करणं हा मंत्र्याच्या विवेकाधिकारातला निर्णय आहे. तो 'दुर्वर्तन' ठरवायचा असेल तर त्या निर्णयाची कारणं तपासावी लागतील: शिफारस कोणाची, त्यांच्यासमोर कोणते कागद होते, काही दडवलं गेलं का. यातलं काही मिळालं नाही तर हा आरोपही पडेल. पण इथे निदान झुंज तरी देता येते.

आणि @सिंहगड_रोड, साध्या शिपायाबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. या सगळ्या प्रकरणात कोर्ट मार्शल झाल्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण मरीन कोअरच्या एका लेफ्टनंट कर्नलचं आहे. त्याने समाजमाध्यमावर ध्वनिचित्रफीत टाकून वरिष्ठांना जाब विचारला होता. माघार ज्यांनी आखली त्यांच्यापैकी कोणाचंही नाही. हे भाषणात जरूर सांगा, ते सत्य आहे आणि बोचणारं आहे.

घटनेचा_विद्यार्थी

आता कामकाज.

प्रतिनिधिगृहाचा कुठलाही सदस्य ठराव गृहातल्या पेटीत टाकून दाखल करू शकतो. तो न्यायिक समितीकडे जातो, आणि बहुतेक ठराव तिथेच पडून राहतात. म्हणून सदस्याच्या हातात दुसरा मार्ग असतो, गृहाच्या नवव्या नियमाखाली विशेषाधिकाराचा मुद्दा म्हणून नोटीस देणं. मग सभापतींना कामकाजाच्या दोन दिवसांत तो घ्यावा लागतो. पण विरुद्ध बाजू 'समितीकडे पाठवा' किंवा 'बाजूला ठेवा' असा प्रस्ताव आणून साध्या बहुमताने तो थोपवू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायोर्कास यांच्यावरचा पहिला ठराव याच वाटेने आला आणि २०९ विरुद्ध २०१ ने समितीकडे गेला. तुमच्या स्पर्धेत हा प्रस्ताव बचाव पक्ष आणेल हे गृहीत धरा. त्याला उत्तर म्हणून पुराव्यांची यादी आणि समितीने का थांबू नये याची दोन मिनिटांची टिपणी आधीच तयार असू द्या.

समितीत कलमवार मतदान होतं, मग गृहात कलमवार. प्रत्येक कलम स्वतंत्र उभं राहिलं पाहिजे. पहिल्या कलमातला पुरावा दुसऱ्यात 'वरीलप्रमाणे' म्हणून लिहिलात तर पहिलं पडल्यावर दुसरंही पडतं. साधं बहुमत पुरेसं. त्यानंतर खटला चालवणारे सदस्य नेमले जातात आणि ते कलमं सिनेटला सादर करतात. राष्ट्राध्यक्षांची सही कुठेच लागत नाही. खटल्यात सरन्यायाधीश अध्यक्ष असतात हे फक्त राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत. मंत्र्याच्या खटल्यात उपराष्ट्राध्यक्ष किंवा सिनेटचे हंगामी अध्यक्ष बसतात. तुमच्या नाटकात सरन्यायाधीशाचा पोशाख घातलेला विद्यार्थी दिसला तर तिथेच गुण जातील.

दोषी ठरवायला 'हजर असलेल्यांच्या' दोन तृतीयांश मतं लागतात, एकूण सदस्यांच्या नाही. शंभर हजर तर ६७, नव्वद हजर तर ६०. दोषी ठरल्यावर पद जातं. पुढे कोणतंही पद धारण करायला अपात्र ठरवायचं का, यावर वेगळं मतदान होतं आणि तिथे साधं बहुमत चालतं. तुरुंग किंवा दंड सिनेट देऊ शकत नाही, त्यासाठी फौजदारी न्यायालय. आणि सिनेटच्या पद्धतीवर न्यायालयात जाता येत नाही, १९९३ च्या वॉल्टर निक्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. हे निक्सन न्यायाधीश होते, राष्ट्राध्यक्ष नव्हेत. परीक्षक मुद्दाम विचारतात.

अभ्यासिका_डेक्कन

भारतीय तुलना कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून थोडं.

आपल्याकडे मंत्र्यावर महाभियोग नाही. अनुच्छेद ६१ राष्ट्रपतींसाठी आहे, न्यायाधीशांना काढायला १२४(४). मंत्री ७५(२) नुसार राष्ट्रपतींच्या मर्जीने, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांच्या सल्ल्याने, पदावर असतो आणि ७५(३) नुसार मंत्रिमंडळ सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार असतं. अविश्वासाचा ठराव नियम १९८ खाली येतो, पन्नास सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि तो पूर्ण मंत्रिमंडळावर असतो, एका मंत्र्यावर नाही.

१९६२ चं चीनबरोबरचं युद्ध हे त्याचं उदाहरण. सेला खिंडीतून १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री चौथ्या डिव्हिजनने घेतलेली माघार विस्कळीत झाली. तिथे मजबूत मोर्चे होते, पण माघारीचा आदेश गोंधळलेला होता आणि बोमदिलाकडच्या वाटेवर शत्रूने रस्ता अडवला होता. बासष्टाव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर होशियारसिंग माघारीत मारले गेले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचं खातं त्याआधीच ऑक्टोबरच्या अखेरीस काढून घेतलं होतं, ७ नोव्हेंबरला त्यांचा राजीनामा झाला. मग यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपल्याकडे आजही म्हणतात. लष्करप्रमुख थापर यांनीही पद सोडलं. आचार्य कृपलानींचा अविश्वासाचा ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये ६२ विरुद्ध ३४७ ने पडला. त्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजपर्यंत जाहीर केलेला नाही. मंत्री राजकीय दबावाने गेला, मंत्रिमंडळ बहुमताने वाचलं, आणि नेमकी चूक कोणाची हे लोकांसमोर अधिकृतपणे आलंच नाही. काबूलच्या बाबतीत निदान सुनावण्या जाहीर झाल्या.

गणवेशातल्यांसाठी आपल्याकडे सैन्य कायदा १९५० आहे. कलम ३४ मध्ये ठाणं लज्जास्पद रीतीने सोडून देण्याला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. कलम १२२ नुसार कोर्ट मार्शलला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. चौकशी रेंगाळली की खटला हातचा जातो.

आणि पुण्यात बोलणार आहात तर वडगाव विसरू नका, इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची मुंबईची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला तळेगावपर्यंत आली. मोहिमेवर एक सेनापती नव्हता, समिती होती, कार्नाक आणि एजर्टन वगैरे. एजर्टन आजारी पडल्यावर कॉकबर्नकडे सूत्रं गेली. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करून ठेवला होता. ११ जानेवारीच्या रात्री माघार ठरली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या, सामान जाळलं. गुप्त ठेवायची माघार त्या जाळाने जाहीर झाली. महादजी शिंद्यांच्या फौजेने वडगावला गाठून कोंडी केली आणि करार करून घेतला. पिछाडी सांभाळणाऱ्या हार्टलीचा शरणागतीला विरोध होता. कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एजर्टन आणि कॉकबर्न तिघांना सेवेतून काढलं, महाभियोग नाही, नुसती बडतर्फी. करार झिडकारणारा गव्हर्नर जनरल कोण, तर हेस्टिंग्ज, ज्याचा दाखला मेसन यांनी दिला. पार्लमेंटने त्याच्यावर १७८८ ते १७९५ खटला चालवला आणि सोडून दिलं.

मृण्मयी_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. असं करते: बग्राम, उशीर आणि शस्त्रं हे तीनही आरोप काढून टाकते. एक कलम ड्रोननंतरच्या निर्णयावर. दुसरं कलम काँग्रेसला दिलेल्या माहितीवर लिहावं का, २८ सप्टेंबरच्या साक्षीवरून?

घटनेचा_विद्यार्थी

साक्षीचा पूर्ण उतारा आधी वाचा, मग ठरवा. काँग्रेसची दिशाभूल हा महाभियोगाचा सगळ्यात मजबूत आधार आहे, पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: शपथेवरचं एक नेमकं वाक्य, ते खोटं असल्याचा त्या तारखेच्या आधीचा कागद, आणि तो कागद त्यांच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा. नुसती अंदाजात झालेली चूक म्हणजे खोटी साक्ष नव्हे. 'माझ्या सेनापतींनी अडीच हजार ठेवा असं मला सांगितलं नाही' या अर्थाचं विधान राष्ट्राध्यक्षांनी ऑगस्टमधल्या मुलाखतीत केलं होतं, ऑस्टिन यांनी नाही. ते चुकूनही यांच्या खात्यात टाकू नका.

असं वाक्य मिळालं नाही तर एकाच कलमावर उभे राहा. वेळ उरला तर तो कलमाच्या शेवटच्या परिच्छेदावर घाला, जिथे काढून टाकणं आणि अपात्र ठरवणं या दोन्ही मागण्या लिहायच्या असतात. माजी अधिकारी असल्यामुळे पहिली मागणी निरुपयोगी आहे, दुसरी आधी लिहा. आणि सिनेटच्या दिवशी तुमचा एक माणूस फक्त हजेरी मोजायला बसवा. गैरहजर वाढले की लागणारा आकडा खाली येतो, आणि मतदानाची मागणी कधी करायची ते त्यावरून ठरतं.